सतराच्या जागी एक

दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्या पुढे एक काकू होत्या. त्यांनी पुढच्या, अवजारांची पिशवी घेतलेल्या तरुणाला गाठलं.

“इथले फोन तुम्हीच बघता ना? महिनाभर फोन लावला की फोनमधली बाई म्हणायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अहो, एवढा दवाखाना समोर उभा!”

“लाईन भरलेल्या असायच्या, काकू. तेव्हा फोन जोडणारी आमची गेटवेची पेटी बाहेर फोन कंपनीला सतरा आकडा कळवते, म्हणजे व्यस्त. एक म्हणजे असा नंबरच नाही. नवी पेटी बसवताना सतराच्या जागी एक पडला.”

“पडला?”

“मीच टाकला.”

“वा रे शहाण्या! आणि कोणी तक्रार नाही केली?”

“कशी करणार? तक्रारीचा नंबरही तोच. मंगळवारी सकाळी मी स्वतः बाहेरून फोन लावला, तेव्हा कळलं. लगेच तो आकडा बदलला.”

“मंगळवारी? त्याच दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली. आशा नव्हती, तरी फोन लावला. तर बाई म्हणते, व्यस्त आहे, पुन्हा करा. म्हटलं, चला, तिकडे माणसं आहेत! लावतच राहिले. सातव्यांदा लागला, गाडी आली.”

“काका कसे आहेत आता?”

“चहात साखर नाही म्हणून नर्सबाईंशी भांडताहेत.”

“काकू, माझी चूक त्या सकाळी कळली नसती तर...”

“गप रे. सकाळीच बदललास, जेवण झाल्यावर बघू म्हणाला नाहीस. आमच्या घरात तसा एकही पुरुष नाही.”