सोन्याचं लाल पाणी

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर मायलेकी बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली होती. बायको जाऊन वर्ष झालं, तरी जागा धरून ठेवायची सवय जात नाही.

"आई, परवा प्रयोगशाळेत माझं सोन्याचं पाणी बिघडलं."

"सोन्याचं पाणी?"

"सोन्याचे कण इतके बारीक करतो, की पाणी लाल दिसतं."

"लाल सोनं! सोनाराला सांगू नकोस, हाकलून देईल. बिघडलं कसं?"

"कणांची वाढ रोखणारं औषध ओतत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. निम्मंच ओतलं. कण तिप्पट मोठे झाले."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळेच. सगळं परत करायचं म्हणजे सुट्टी गेली, तुझ्याबरोबर घरी येणं गेलं."

"अगं बाई! मग प्रयोगशाळेतल्या तुझ्या मॅडम काय म्हणाल्या? बोल लवकर, दाढ आधीच ठणकतेय."

"कणांवर आम्ही एक रंग चिकटवतो आणि उजेड टाकून त्याची खूण वाचतो. बारीक कणांवर ती पुसट यायची. या मोठ्यांवर ठळक आली."

"मग अजून मोठे कर!"

"फार मोठे झाले की पुन्हा पुसट. मॅडम म्हणाल्या, हेच माप ठेव."

"आणि सुट्टी?"

"दिली. उद्या तुझ्याबरोबरच निघतेय."

"बघ! आणि म्हणे, कामाच्या वेळी फोन करू नकोस."

"अजूनही करू नकोस."

"रोज करीन."

तेवढ्यात एक आजोबा गाल धरून आत आले आणि जागा शोधू लागले. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," म्हटलं, "रिकामीच आहे."