बसच्या नाकावरची सायकल

...आणि तुम्हाला सांगते, बसच्या नाकावरची सायकल निसटून पडली तर, या एका विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नाक म्हणजे बसच्या पुढच्या काचेखालचा तो लोखंडी सांगाडा हो. त्यात सायकल उभी करायची, चाकावर आकडा अडकवायचा आणि आपण आत जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे लोकांनी. मी ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून काचेतून सायकलीकडे बघत उभी. तिच्यावर लेकीची लाल खुर्ची, रिकामी, खड्ड्याखड्ड्याला मान हलवणारी... बघवतं का? आकडा सुटला नाही अजून एकदाही. पण सुटला असता तर?

नवरा म्हणतो, “अगं झोप आता. सायकलसुद्धा झोपली असेल.” याला काय जातंय! सकाळी लेकीला सायकलवरून पाळणाघरात सोडा, तिथून थांबा, मग बस, मग पुन्हा सायकल आणि ऑफिस. संध्याकाळी हेच सगळं उलटं. यात एक कडी निखळली की पाळणाघराच्या पायरीवर माझी चार वर्षांची पोर, पायात बूट घालून, एकटी. बसलेली नाही कधी. पण बसली असती तर?

हे सगळं मी बसमध्ये बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, मनात चाललंय. शेजारी रोज एक नर्सबाई असतात, ड्यूटीवरून परतणाऱ्या, डोळे मिटून. ड्रायव्हरकाका तर मला बघितलं की आधीच सांगतात, “आकडा मी बघितलाय, ताई. दोनदा बघितलाय.” पाळणाघराजवळचा थांबा खरं तर माझ्या थांब्याच्या पुढचा. पण तिथून उतार लागतो, आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर? म्हणून मी एक थांबा आधीच उतरते. हेही अख्ख्या बसला पाठ.

तर परवा बस आधीच उशिरा. पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली. मी, मनातल्या मनात असं समजून, नर्सबाईंना सांगतेय, की नाही, मी एखादी गोष्ट विसरणाऱ्यांतली नाही, मी चारचारदा बघणाऱ्यांतली... तेवढ्यात थांबा आला, पुढच्या दाराशी ही गर्दी, म्हणून मागच्या दारानं उतरले, बस गेली, मी पर्सला अडकवलेलं हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, आणि हात पुढे केले तर समोर हवा.

सायकल पडेल, चोरीला जाईल, पंक्चर होईल, सगळं धरलं होतं मी. मीच तिला सोडून उतरेन, हे नव्हतं धरलं!

पळाले. साडी, पर्स, डोक्यावर हेल्मेट. लोक बाजूला होत होते. त्यांना वाटलं असेल, सायकल दिसत नाही इतकी जोरात आहे. पाळणाघराला फोन लावला, कुणी उचलेना. डोळ्यांसमोर ती पायरी, ते बूट. झालं नव्हतं कधी, पण आज झालं, झालंच...

कोपऱ्यावर वळले आणि थबकले. फाटकात माझी सायकल. लाल खुर्चीत लेक, पट्टा बांधून. आणि हँडल धरून धापा टाकणाऱ्या नर्सबाई! पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरकाकांनी बस थांबवून सायकल उतरवून दिली होती, आणि या बाई रात्रपाळी आणि दिवसपाळी जोडून केल्यावर, लग्नानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसून, तो उतार उतरून आल्या होत्या. पाळणाघरातल्या ताई पायरीवर. त्यांनी पोरीला खुर्चीत बसवलं होतं, पण निघू न देता माझी वाट बघत थांबल्या होत्या.

मी म्हटलं, “तुम्हाला पत्ता कसा...”

“पत्ता?” बाई म्हणाल्या. “अहो, मला तुमच्या मुलीच्या बुटांचं मापसुद्धा माहीत आहे. आणि ब्रेक लागतो हो. उत्तम लागतो.”

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. ज्या बडबडीची मला लाज वाटायला हवी होती, ती कुणीतरी डोळे मिटून रोज ऐकून ठेवत होतं.

मग गुडघ्यावर बसले, लेकीचा चेहरा ओंजळीत घेतला. विचारलं, “घाबरलीस का गं, राणी? आई आली नसती तर, असं वाटलं का?”

तिनं माझे हात बाजूला केले, पट्टा चाचपला.

“ही मावशी घंटी वाजवते,” ती म्हणाली. “हीच चालवणार. तू बसनं ये.”