रोहनाची साल

– नाही, दोन हजार नऊच. का दहा? माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नकोस बेटा, आताशा तिच्यात माझ्या सोयीचं तेवढंच उरतं. पण कात्रण माझंच, फोटोही माझाच. ‘रोहनाच्या सालीनं कॅन्सर नष्ट – गोंदियाच्या प्राध्यापकाचा शोध.’ तिरोड्याहून एवढं जपून आणलंस, प्लास्टिकमध्ये घालून! आईसाठी ना? हो, ऐकलं मी. पाणी घे आधी.

खोटं नव्हतं ते. काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्याच होत्या, मी स्वतः मोजल्या. बशीतल्या, माणसातल्या नाही – हे मी वार्ताहराला सांगितलं होतं. त्यानं छापलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन करायला हवा होता ना? नाही केला. बाजारात लोक थांबवून हात मिळवत होते – कोण करतो फोन!

आमच्या लॅबमध्ये उदाराम म्हणून परिचर होता. रोहनाच्या झाडाची साल जंगलातून तोच आणायचा, तोच वाळवायचा, तोच कुटायचा. त्याच्या बायकोच्या, अनुसयाबाईच्या, छातीत गाठ. नागपूरला दोन केमो झाल्या, केस गेले, पोटात अन्न ठरेना. एक दिवस हा दारात उभा. “सर, तिले नागपूरले कायले नेऊन राहिलो मी? दवाई तर मीच कुटून राहिलो ना इथं!” हसत होता. थट्टा समजून मीही हसलो – नाही, तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू, थट्टा नव्हती ती, मला कळलं होतं. मी काय म्हणालो? ‘दे’ म्हणालो नाही. ‘देऊ नको’ही म्हणालो नाही. म्हणालो, “अपाय तर काही दिसत नाही सालीत, उदाराम.” पीएच.डी. झालेला माणूस, आणि हे वाक्य! अगं, कोणीतरी आपलं माणूस माझ्या विद्येवर सोपवत होतं – आवडलं मला ते. झालं, त्यानं नागपूर बंद केलं. सात महिन्यांनी ती गेली. आणि त्यानं काय म्हणावं? “साल माह्याच हातून बारीक कुटल्या नसन गेली, सर.” मी... मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

म्हणून तुला साल मिळणार नाही. आईची नागपूरची तारीख कधी? – उद्या? मग ऊठ, गाडी चुकवू नकोस. रागावलो नाही गं, जा.

थांब. उदारामला सांगितलं नाही ते तुला सांगतो. रिटायर झाल्यावर, हिमांशू नावाच्या माझ्या विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये, तोच प्रयोग मी पुन्हा केला. सालीचा अर्क मेथनॉलमध्ये, म्हणजे एका विषारी स्पिरिटमध्ये, काढतात. पेशी नेमक्या कशानं मेल्या ते कळायला नुसत्या मेथनॉलची एक वेगळी बशी ठेवायची असते – बीएस्सीच्या पोरांना शिकवतो आपण हे. तेव्हा मी ठेवली नव्हती. या वेळी ठेवली. त्या बशीत सालीचा कणही नव्हता. पेशी मेल्या – तितक्याच.