तेविसावी नळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक माननीय पद्मनाभ सर, मराठी मंडळाचे ज्येष्ठ सभासद हणमंतराव, सत्कारमूर्ती हयवदन अण्णा आणि मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमधून वेळेवर पोचलेल्या सर्व मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

मी शाल्मली. सात वर्षांपूर्वी नागपूरहून आले आणि अण्णांच्या हाताखाली डेटाबेस सर्व्हर उभे करायला शिकले. डेटा एका डिस्कवर, लॉग दुसऱ्या डिस्कवर, हे सगळेच शिकवतात. अण्णांची एक रीत मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हती. सर्व्हर नवा असला की ते त्यात एकच नोंद करायचे, बायकोच्या नावाची: विमला. मग भिंतीतून सरळ वायर उपटायचे! पुन्हा चालू केल्यावर नाव दिसलं, तरच सर्व्हर पास. ते आपल्या कानडी वळणाने म्हणायचे, "स्वल्प थांब, शाल्मली. डिस्क लिहिलं म्हणते, पण लिहिलेलं असतंच असं नाही. आणि हिचं नाव पुसलं गेलं तर मला घरी जेवायला कोण वाढेल?" आम्ही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी विमला अक्का गेल्या. त्याच आठवड्यात देवनहळ्ळीच्या एका रक्ततपासणी केंद्राचा सर्व्हर आला. अण्णा घरी होते, काम माझ्याकडे होतं. रिपोर्ट हळू निघतात अशी केंद्राची तक्रार होती. म्हणून मी कॅश, म्हणजे सर्व्हरची तात्पुरती स्मृती, सक्तीने चालू केली. आता नोंद आधी कॅशमध्ये थांबणार आणि डिस्कवर मागाहून उतरणार. वीज गेली तर कॅशमधली नोंद सांभाळायला बॅटरी असते. तिची जोडणी सैल होती, हे मला माहीत नव्हतं. वायर काढली असती तर लगेच कळलं असतं.

मी नाव लिहिलं. वायरीला हात घातला. अक्कांना जाऊन नऊ दिवस झाले होते. ते नाव परत आलंच नाही तर? माझ्याच्याने वायर काढवली नाही. वहीत 'तपासलं' असं लिहिलं. अण्णांनी फोनवर विचारलं, "वायर काढलीस ना?" मी म्हणाले, "हो, अण्णा." त्या भरवशावर त्यांनी सही केली.

तीन महिन्यांनी, भर दुपारी केंद्राची वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली. सर्व्हर परत आला तेव्हा सर्वांत वरची ओळ शाबूत होती: विमला. शेवटच्या तेवीस नोंदी नव्हत्या. रॅकमध्ये तेवीस नळ्या होत्या, त्यांच्यावर नुसते आकडे. केंद्राने दारावर सूचना लावली, वर्तमानपत्रात दिली. बावीस माणसं आपापल्या पावतीवरचा आकडा घेऊन परत आली.

तेविसाव्या नळीचा रिपोर्ट गंभीर होता. माणसाला तातडीने दवाखान्यात न्यावं, असा. कोणाला न्यायचं? नाव त्या पुसलेल्या नोंदीतच होतं.

चौकशीत अण्णा म्हणाले, "सही माझी आहे, सरी, ठीक आहे, चूक माझीच." मी समोरच बसले होते आणि गप्प राहिले. आजही दुपारी दिवे गेले की माझ्या डोळ्यांसमोर ती नळी उभी राहते. तो माणूस आहे का? असेल तर कुठे असेल?

पद्मनाभ सर, त्या चौकशीच्या अहवालातलं अण्णांचं नाव खोडा आणि तिथे माझं लिहा. त्यांच्या निरोपाआधी हे व्हावं, एवढ्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले. अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं का, ते मी विचारणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, तर पोटात घाला. अण्णा, तुमचीही क्षमा मागते. त्या तेविसाव्या माणसाची मात्र कुठल्या नावाने मागू, ते मला अजून कळलेलं नाही.