जादूच्या अंगठीचा भाव

आमच्या अवीदादाच्या दुकानाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? खरं दुकान नव्हे हो. देवासला कॉलेजात असताना आम्ही फासे टाकून एक गोष्टीचा खेळ खेळायचो. आम्ही सगळे योद्धे. राक्षस मारायचे आणि लूट बाजारात विकायची. माझा मोठा भाऊ अवीदादा पीथमपूरच्या एका कारखान्यात परचेसला, म्हणजे मालखरेदीला होता. माझे मित्र त्याला 'भिया' म्हणायचे, म्हणजे भैया. एका रविवारी त्यालाच बाजारातला दुकानदार केलं.

खेळात माझ्या मित्राच्या, शिरीषच्या योद्ध्याला विष चढलं होतं. औषधासाठी मी अदृश्य व्हायची अंगठी विकायला काढली.

"बिल?" दादानं विचारलं.

"राक्षसाच्या पोटातून काढलीय, बिल कुठलं?"

"म्हणजे वापरलेली. चालते कशावरून? ट्रायल दे."

"ही घातली बघ. झालो अदृश्य!"

"आता मालच दिसत नाही, तर भाव काय लावू?"

या घासाघिशीत शिरीषचा योद्धा मेला. दादा हळूच म्हणाला, "त्याचं चिलखत विकणार का? पंधरा मोहरा देतो."

"पंधरा?" शिरीष ताडकन उठला. "भिया, कालच नवीन घेतलंय!"