ओझं टाका, पेट्रोल वाचवा

...नाही, तुम्हीच सांगा, पेट्रोल वाचवायला शिकवणं हा काय गुन्हा आहे? मग मी या मुंतिलान गावच्या रस्त्यावर, भर उन्हात, मांडीवर मिरची वाटायचा हा दगडी खल घेऊन का बसलोय? ओझं टाका, पेट्रोल वाचवा! माझंच वाक्य हो हे, नवशिक्यांना सांगून सांगून घसा बसला!

सकाळीच ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, "सुगेंग, तुझ्या त्या वर्गानं थेंब तरी वाचतो का रे? आज तुझी नवशिकी योग्या शहरात जाऊन येऊ दे. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर राहिला तर वर्ग चालू, नाहीतर सोमवारपासून गाड्या धू!" आणि नवशिकी कोण? वारसिनीबाई! रिटायर्ड नर्स, लायसन्स कालचं. पण काय चालवली हो! क्लच अलगद, सिग्नल लांबूनच बघून पाय वर, ब्रेक जवळजवळ नाहीच... मी सीटवर नाचायचाच बाकी! निघताना डिकीतली छत्रीसुद्धा घरी ठेवलेली. का? ओझं टाका, पेट्रोल वाचवा!

आणि परत येताना इथे, खलांच्या दुकानासमोर, कच्चकन ब्रेक! म्हटलं, "बाई, काय झालं?"

"अहो मास्तर, गावाला जाऊन रिकाम्या हातानं परत जायचं? शेजारी काय म्हणतील?"

एक जावेला, एक विहिणीला, एक समोरच्या म्हातारीला... डिकी भरली, गाडी मागून बसली, काटा अर्ध्याला टेकायला आलेला! ओरडलो, "बाई, ओझं! काहीतरी उतरवा!" बाईंनी डिकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या पोटाकडे जरा जास्तच वेळ...

"खरंय मास्तर. उतरा."

उतरलो! करतो काय, शिकवण माझीच! वर खिडकीतून हा खल हातात, "गुरूंना रिकाम्या हातानं कसं सोडू?" आणि गेल्या की हो, अलगद, चाकाखाली अंडं फुटणार नाही अशा!

आत्ताच मालकांचा फोन. काटा अर्ध्याच्या केसभर वर! वर्ग वाचला! वाचला हो! बाई आता चारही बहिणींना शिकायला आणतायत म्हणे!

पण बस? एकही थांबत नाही, सगळ्या खचाखच. चालतच जायचं. तुम्ही म्हणाल, सुगेंग, दे तो खल नाल्यात फेकून, ओझं टाका... अहो, टाकलाही असता. पण दारात बायको उभी असणार. रिकाम्या हातानं जाऊ?

...चला, जरा हात लावा. डोक्यावर चढवायचाय.