एस्टीमचे दोन पंप

— अहो, लावा की हात, चावत नाही ती! आत मोठ्या माणसांनी दहा मिनिटं दिलीत ना, 'मुला-मुलीला जरा बोलू द्या' म्हणून? मग बोलू. स्वयंपाकाचं तेवढं विचारू नका, यज्ञेशराव, तो मघाचा चुरमुऱ्यांचा सुशीला आईनं केलाय. मी फिजिक्स शिकवते — सकाळी सहापासून तीन बॅचा, अहमदपूरपासून हिमायतनगरपर्यंतची पोरं येतात लातूरला — आणि उरलेला सगळा वेळ हिचा. साधी जुनी एस्टीम दिसते, नाही? दिसू द्या! आत टर्बो बसवलाय. म्हणजे काय — इंजिनात हवा कोंबायची, दाबून. हवा वाढली की पेट्रोलही तेवढंच वाढायला पाहिजे, आणि मूळचा पंप साध्या गाडीच्या मापाचा, बिचारा धापा टाकतो. म्हणून सगळं नवीन करून राहिलो आम्ही — पंप, जाड पाईप, मोठे इंजेक्टर. पुढच्या महिन्यात हैदराबादजवळ शर्यत आहे, चारशे मीटर, नाकासमोर सरळ! कोण चालवणार म्हणजे? मीच. हसा, हसा.

हा कागद बघा, मलप्पानं काढलाय. मलप्पा आमचा मेकॅनिक, निलंग्याचा. हा टाकीतला पंप — तो डिकीतल्या ह्या छोट्या टाकीत पेट्रोल ओततो. का? गाडी झपकन सुटली की मोठ्या टाकीतलं पेट्रोल मागं पळतं, अन् पंपाच्या तोंडी नुसती हवा! छोटी मात्र कायम काठोकाठ. मग हा दुसरा पंप तिच्यातून ओढतो, इंजिन उपाशी राहत नाही, उरलेलं ह्या पाईपनं परत. काय डोकं आहे ना? आणि दहावीसुद्धा नाही! भूकंपात आई-वडील दोघंही गेले त्याचे, पंधरा वर्षांचा होता. पत्र्याच्या शेडात राहिला, मदतीला आलेल्या ट्रकवाल्यांच्या हाताखाली काम शिकला. मी त्याला एकदा फळ्यासमोर बसवून प्रवाह अन् दाब शिकवला, तर म्हणतो, "मॅडम, हे तर मी रोज हातानं करतो, त्याला लई मोठी नावं ठेवली की तुम्ही!"

— ते? ते पिस्टन. हो, भोक पडलंय. बाबांना नका सांगू हं — मीच पाडलं. मलप्पाच्या माघारी टर्बोचा दाब वाढवून ठेवला. नवा बायपास बांधून पडलाय, अजून उघडला नाही, तिथं नेली गाडी. तिसऱ्या गिअरला पेट्रोल कमी पडलं आणि — फट्! धूरच धूर. मलप्पा पार दुसऱ्या टोकाला उभा होता. चपला तिथंच टाकून पळत आला, दार ओढून मला बाहेर काढलं. तीन वर्षं मॅडम-मॅडम करणारा माणूस — "देविका, तुला काही झालं असतं म्हंजे?" म्हणाला, अन् तिथंच फुफाट्यात बसला. मला हसूच आवरेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅडम! पण हा कागद घेऊन आला. हा लाल खटका दिसला? दाबला की दोन्ही पंप बंद. मला सीटवर बसवून, पट्टा बांधून, माझा डावा हात कुठवर पोचतो ते सुतळीनं मोजून नेलं त्यानं. एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, अरे, हात काय रोज वाढतो का? तर खाली बघून सुतळी गुंडाळत बसला, गुंडाळलेली पुन्हा गुंडाळत...

— काय म्हणालात?

— नुसता मेकॅनिक? हो. म्हणजे — हो, मेकॅनिकच की. दुसरा कोण असणार...

— अगं बाई.

थांबा, थांबा, हसू नका! मला आत्ता कळून राहिलंय, अन् तेही तुमच्यासमोर! त्याला? त्याला कुठं काय ठाऊक. तीनदा मोजलं म्हणजे असेल की ठाऊक! बाबा जात काढतील, आई रडेल, आठ दिवस घरात कुणी बोलणार नाही — नका बोलू म्हणावं. नाही हो, तुम्ही नकार नका देऊ, तुम्ही दिलात की पुढच्या रविवारी दुसरं स्थळ येऊन बसेल. मीच सांगते. आत्ताच, सगळे एका जागी आहेत तोवर. तुम्ही भला माणूस आहात — पण इथंच थांबा जरा. सरका. सरका की, वाट द्या!